पाटल्या गहाण ठेवू नका, आधी केसपेपर काढा

पत्र

ताई, सा. न. वि. वि.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, दिली आहे मिरजेजवळ. धाकटा भाऊ 36 वर्षांचा, चार एकर द्राक्षबाग. आधी संध्याकाळचा प्यायचा. आता दीड वर्ष झालं, सकाळी उठल्या उठल्या लागते. नाही मिळाली तर हात इतके कापतात की चहाची कपबशी धरवत नाही. वहिनी दोन पोरांना घेऊन माहेरी निघून गेली. घरी आई आणि तो, दोघंच.

पंढरपूरला नेऊन माळ घातली, चार महिने सुटली, मग एके दिवशी माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. नंतर जाहिरात बघून पावडर मागवली, त्याच्या नकळत भाजीतून दिली. त्या रात्री तोंड लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली, जातो की काय असं झालं. ती बंद केली.

आता एका व्यसनमुक्ती केंद्राचा माणूस घरी येऊन गेला. तीन महिने ठेवावं लागेल म्हणाला. महिन्याला 18 हजार, शिवाय गाडीचे आणि त्याला उचलून न्यायला येणाऱ्या चार पोरांचे मिळून 6 हजार. पहिले दोन महिने भेटायला यायचं नाही, फोनही नाही. एकूण 60 हजार. माझ्या चार तोळ्यांच्या पाटल्या आहेत. गहाण ठेवू का? मिस्टर नको म्हणतात. सरकारी दवाखान्यात याची काही सोय असते का, की नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवतात? भाऊ म्हणतो, ऑक्टोबर छाटणी होऊ दे, मग बघू.

आणि एक. गेल्या राखीला तो पिऊन आला, दाजींनी दारातूनच परत पाठवला. यंदा राखी दहा दिवसांवर आलीय. बोलावू का?

– एक बहीण

उत्तर

ताई,

पाटल्या कपाटातच राहू द्या. तुमचे मिस्टर कशासाठी नको म्हणताहेत ते मला माहीत नाही, पण या एका बाबतीत त्यांचं ऐका.

मी 27 वर्षं सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केलं. या पदाचं नाव बऱ्याच लोकांनी ऐकलेलंही नसतं, त्याबद्दल पुढे सांगते. त्या खुर्चीत बसून मी पाहिलेल्या बायकांमध्ये मंगळसूत्र मोडून आलेल्या होत्या, म्हैस विकून आलेल्या होत्या. सगळा पैसा पहिल्याच भरतीत संपवून झालेला असायचा. माणूस तीन महिने बंद राहून बाहेर यायचा, आठ-पंधरा दिवसांत पुन्हा गुत्त्यावर दिसायचा, आणि दुसऱ्यांदा उपचार करायला घरात दमडी उरलेली नसायची. म्हणून सुरुवातीलाच सांगते: दारू शरीरातून उतरवायला लागतात आठ-दहा दिवस. ती परत न चढू देण्याचं काम पुढचं वर्षभर चालतं. तुमच्याकडे जो काही पैसा असेल तो त्या वर्षासाठी राखून ठेवा.

आता पहिली गोष्ट, आणि ही मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण यात जीव जातो.

माझे मामा देशी प्यायचे. मामेबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून त्यांच्याकडून शपथ घेतली, आणि मामांनी ती पाळली. एका दिवसात साफ बंद. पहिल्या दिवशी घाम, थरथर, उलट्या. दुसऱ्या दिवशी झोप नाही. तिसऱ्या दिवशी ते पलंगावर बसून धोतरावरच्या मुंग्या झटकायला लागले. मुंग्या नव्हत्या. आजीला ओळखेनात, भिंतीकडे बघून कुणाला तरी शिव्या देत होते. गावातल्या शहाण्यांनी सांगितलं, बाहेरचं आहे. अंगारा लावला, लिंबू उतरवलं. चौथ्या दिवशी पहाटे मामा गेले. मी तेव्हा शाळेत होते. मामांना काय झालं होतं हे मला कितीतरी वर्षांनी वॉर्डात कळलं, जेव्हा तशाच मुंग्या झटकणारा एक पेशंट डॉक्टरांनी सुई आणि सलाईनवर चार दिवसांत माणसात आणला.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम होतो, ताप चढतो, माणूस दिशा-काळ विसरतो. यावर उपचार आहेत आणि ते महागडे नाहीत: झटके रोखणाऱ्या आणि शांत करणाऱ्या गोळ्या रोज थोड्या थोड्या कमी करत देतात, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, अंगातलं पाणी आणि क्षार सांभाळतात. पण हे डॉक्टरांच्या नजरेखाली व्हायला हवं. सकाळी कपबशी धरवत नाही असं तुम्ही लिहिलंय. याचा अर्थ तुमच्या भावाच्या शरीराला दारूची सवय इतकी जडली आहे की ती घरच्या घरी तोडणं धोक्याचं आहे. त्यामुळे आईंना सांगा: कोंडून ठेवणं, बाटली ओतून टाकणं, 'आजपासून बंद' अशी शपथ घालणं, यातलं काही करायचं नाही. डॉक्टरकडे जायच्या आदल्या रात्रीसुद्धा 'आज घेऊ नकोस' असा हट्ट धरायचा नाही. त्याला गाडी मात्र चालवू देऊ नका. मधल्या काळात फिट आली, असंबद्ध बोलायला लागला, रक्ताची उलटी झाली, तर राखीची वाट बघू नका. 108 ला फोन करा आणि सरळ सिव्हिलला न्या.

पावडरीबद्दल. तुम्ही भावाच्या भल्यासाठी केलंत, त्याबद्दल मी तुम्हाला एक शब्दही बोलणार नाही. पण जे घडलं ते समजून घ्या. तोंड लाल होणं, छातीत धडधड, घाबरंघुबरं होणं ही लक्षणं डायसल्फिराम या औषधावर दारू प्यायल्यावर होतात. त्या पुडीत काय होतं हे पुडीवर लिहिलेलं नसणारच. हे औषध वाईट नाही. डॉक्टर ते देतात, पण रक्ताच्या आणि हृदयाच्या तपासण्या करून, आणि पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीने. औषध पोटात आहे हे माहीत असलेला माणूस दारूपासून लांब राहतो. ज्याला माहीतच नाही तो त्यावर दारू पितो, रक्तदाब कोसळतो, आणि कधीकधी हृदय थांबतं. बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात दिसली की ती पाकिटं तिथेच सोडा. आणि सिव्हिलमध्ये डॉक्टरांना हा प्रकार न लाजता सांगा. त्यांना ही माहिती लागेल.

आता त्या केंद्राच्या माणसाकडे येऊ.

उचलून नेणारी चार पोरं, दोन महिने भेट नाही, फोन नाही. हे ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. चांगली केंद्रं आपल्याकडे आहेत आणि ती चालवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण कुंपणाच्या आत पेशंटला मारणारी, मुंडण करणारी, साखळीने बांधणारी, फुकट राबवून घेणारी ठिकाणंही आहेत, आणि तिथून सुटून आलेल्यांच्या पाठीवरचे वळ मी पाहिले आहेत.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार त्यात येतात. त्या कायद्याप्रमाणे पेशंटला साखळीने बांधता येत नाही, जबरदस्तीने मुंडण करता येत नाही, मजुरी न देता कामाला जुंपता येत नाही. भेटायला येणाऱ्याला भेटण्याचा आणि फोनवर बोलण्याचा हक्क पेशंटला आहे. एखाद्याची तयारी नसताना दाखल करायचं तर त्याचीही रीत ठरलेली आहे: त्याच्या प्रतिनिधीचा अर्ज लागतो, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासून तशी गरज आहे असं म्हणावं लागतं, आणि अशी भरती सुरुवातीला जास्तीत जास्त 30 दिवसांची असते. चार पोरांनी माणसाला अंथरुणातून उचलून गाडीत टाकण्याची तरतूद त्या कायद्यात कुठेच नाही.

कुठल्याही खासगी केंद्राचा विचार करायचा झाला तर आधी स्वतः जाऊन बघा, त्या माणसाच्या मोबाईलवरच्या फोटोंवर जाऊ नका. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का ते विचारा आणि कागद बघायला मागा. मनोविकारतज्ज्ञ कोण आहेत, आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फिट आली तर काय करता, हे विचारा. स्वयंपाकघर आणि संडास बघा. आत असलेल्या दोन पेशंटांशी केंद्राचा माणूस शेजारी नसताना बोला. हे करू देत नसतील तर घरी परत या. पावती देत नसतील तरीही. आणि बाहेर पडल्यावर पुढचे सहा महिने काय, याचं उत्तर ज्यांच्याकडे नाही त्यांना 18 हजार देण्यात अर्थ नाही.

चांगलं केंद्र कसं असतं ते कळावं म्हणून पुण्याच्या मुक्तांगणचं उदाहरण देते. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 ला ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीवर. तिथला निवासी उपचार 35 दिवसांचा, म्हणजे तुम्हाला सांगितलेल्या तीन महिन्यांच्या निम्म्याहूनही कमी. पेशंटच्या बायकांसाठी तिथे 'सहचरी' हा गट आहे, कारण नवरा पितो तेव्हा बायकोही आतून आजारी पडते हे त्यांनी फार लवकर ओळखलं. मुंबईत फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. गडचिरोलीत गावोगाव आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनाचा उपचार पोचवण्याचं काम मुक्तिपथ करतं. अशा ठिकाणी फी असली तरी परिस्थिती सांगून सवलत मागायला अजिबात लाजू नका.

पण तुमच्या भावासाठी माझं पहिलं बोट सिव्हिलकडेच आहे.

सांगली-मिरजेचं सिव्हिल शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथे मनोविकार विभाग आहे. वेड लागलेल्यांचा वॉर्ड म्हणून लोक त्या दारापाशी थबकतात. दारूच्या बाह्यरुग्णांची तपासणी (ओपीडी) तिथेच होते, आणि गरज असेल तर भरतीही. 'नुसत्या गोळ्या देऊन पाठवतात का' असं तुम्ही विचारलंय. काही जणांना खरंच गोळ्या देऊन, दोन-तीन दिवसांनी परत बोलावून, घरीच सोडवता येते. ज्याला पूर्वी फिट आली आहे, ज्याची थरथर जास्त आहे, काविळीची खूण आहे, त्याला भरती करतात. तुमच्या भावाला भरती लागेल असं मला पत्रावरून वाटतं, निर्णय मात्र डॉक्टरांचा. सरकारी दवाखान्यात बाक मोडका असेल, रांग लांब असेल, एखादी सिस्टर खेकसेलही. पण औषध तेच आहे, आणि फिट आली तर त्याच आवारात मेडिसिनचे डॉक्टर आणि आयसीयू आहे. 18 हजारवाल्या केंद्रात ते असेलच असं नाही.

पैशांचं म्हणाल तर सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किरकोळ शुल्क लागतं, शिधापत्रिकेप्रमाणे सवलत मिळते. आणि इथेच माझ्या जुन्या खुर्चीचा उपयोग होतो. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांची खोली असते. बाहेरून आणायला लागणारं औषध, तपासणीचे पैसे, कुठल्या योजनेत काय बसतं, दाखल्याला काय कागद लागतात, हे सगळं बघणं हे त्यांचं कामच आहे. तिथे जाऊन 'आमची ऐपत नाही' हे तीन शब्द म्हणा. लोक ते म्हणत नाहीत, आणि बाहेर सावकाराला म्हणतात.

धर्मादाय खासगी रुग्णालयांचंही लक्षात ठेवा. कायद्याने त्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन जायचं. तिथेही समाजसेवकाचं टेबल असतं, आणि 'खाट शिल्लक नाही' हे उत्तर पहिल्याच फेरीत मान्य करायचं नाही. लेखी मागायचं.

मेडिक्लेम असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. 2017 च्या कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं म्हटलं आहे, पण बहुतेक पॉलिसींमध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाचा उपचार वगळल्याचं स्वतंत्र कलम असतं. पॉलिसीतलं वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. सरकारच्या जन आरोग्य योजनेत काय बसेल ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे त्या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला विचारा, भरतीच्या आधी विचारा.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रंही आहेत. तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचं कोणतं ते 14446 या मोफत क्रमांकावर विचारता येतं. हा फोन भावाने करायला हवा असं नाही, तुम्ही करा. नाव सांगायची सक्ती नाही. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयातही मान्यताप्राप्त केंद्रांची चौकशी होऊ शकते. त्या घरी आलेल्या माणसाच्या केंद्राचं नाव तिथे विचारून बघा, बऱ्याच गोष्टी उलगडतील.

(याच सदराला गर्द (हेरॉइन) आणि एमडी (मेफेड्रोन) या नशांबद्दलही पत्रं येतात, त्या आई-वडिलांसाठी दोन ओळी. गर्द सोडताना लागणारी टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, बघवत नाही, पण ती दारूच्या तुटीइतकी सहसा जिवावर बेतत नाही. खरा धोका सोडल्यानंतर असतो. महिनाभर बंद ठेवलेल्या मुलाने बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतली तर तेवढ्यातच जीव जातो. गर्दची ओढ शमवणारं बुप्रेनॉर्फिनसारखं औषध सरकारी केंद्रांतून मिळतं, ते बरेच महिने घ्यावं लागतं, आणि 'एक नशा सोडून दुसरी' असं म्हणून ते मध्येच तोडायचं नसतं.)

सिव्हिलला जायचा दिवस कसा असावा ते सांगते. सोमवार टाळा, गर्दी असते. सकाळी लवकर पोचा, केसपेपर काढा. आधार, शिधापत्रिका, जुने काही रिपोर्ट असतील तर ते पिशवीत ठेवा. एका कागदावर घरीच लिहून घ्या: रोज किती क्वार्टर, देशी की इंग्लिश, शेवटची कधी घेतली, सकाळी घेतो का, कधी फिट आली होती का, कधी चढलेल्या अवस्थेत डोक्यावर पडला होता का, झोपेच्या गोळ्या घेतो का, ती पावडर कधी दिली होती. भाऊ डॉक्टरांसमोर निम्मं सांगेल. सगळेच निम्मं सांगतात. तो कागद हळूच डॉक्टरांपुढे सरकवा. आणि एक छोटं बिस्किटाचं पाकीट, पाण्याची बाटली जवळ असू द्या. रांगेत बसून त्याला मळमळेल, चिडेल, 'चल घरी' म्हणेल. तुमच्यासोबत दुसरं कुणीतरी हवं, एकट्या जाऊ नका.

छाटणीचं. 'ऑक्टोबर छाटणी झाली की बघू' हे ऐकून घरच्यांना राग येतो, टाळतोय असं वाटतं. टाळतच असेल, पण त्यात खरी काळजीही आहे. मी सांगलीच्या बाजूच्या बागायतदारांच्या घरात खूप बसले आहे. छाटणी झाली की काडीला पेस्ट, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), फवारण्या, पाऊस पडला तर रात्री उठून औषध मारायचं. त्या दिवसांत भरती होणं खरोखर अशक्य, आणि मग माल निघेपर्यंत 'बघू' पुढे ढकललं जातं. म्हणूनच छाटणीच्या आधीचे हे दिवस सोन्यासारखे आहेत. आता बागेला त्यातल्या त्यात कमी हात लागतो. तुमच्याकडचे थोडे पैसे इथे घाला: भाऊ भरती असेल ते पंधरा दिवस बाग बघायला भरवशाचा माणूस रोजावर ठेवा. त्याला सांगा, बागेची सोय लावली आहे. बऱ्याच शेतकऱ्यांना भरती होण्यापेक्षा बाग उघड्यावर टाकण्याची धास्ती जास्त असते.

आणि ताई, बागायतदाराच्या घरात विषारी औषधाच्या बाटल्या असतात. दारू, बायको-पोरं दूर. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला विचारायलाच हवं: तो कधी 'मेलेलं बरं' असं बोलला आहे का? बोलला असो वा नसो, आईंना सांगून फवारणीची सगळी औषधं आजच शेडमध्ये कुलपात ठेवा, किल्ली शेजारच्या भरवशाच्या माणसाकडे द्या. असं काही बोलला तर सरळ विचारा. विचारल्याने मनात येत नाही, उलट मोकळं होतं. 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे, मोफत, मराठीत बोलता येतं, मध्यरात्रीही.

सिव्हिलमधून घरी आल्यावरचं वर्ष. इथेच बहुतेक घरं कमी पडतात, कारण सगळ्यांना वाटतं, झालं एकदाचं. मनोविकार विभागाच्या पुढच्या तारखा चुकवू नका. ओढ कमी करणाऱ्या गोळ्या असतात, त्या डॉक्टर ठरवतील. आणि एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. 1935 मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झालेली ही संगत आज आपल्याकडे मराठीत चालते. फी नाही, वर्गणीची सक्ती नाही, नाव-गाव विचारत नाहीत. कुणाच्या तरी हॉलमध्ये संध्याकाळी दहा-पंधरा जण गोल बसतात आणि प्रत्येकजण आपलं सांगतो. मला एक बेदाण्याचा व्यापारी आठवतो. पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसला, एक शब्द बोलला नाही. नंतर मला म्हणाला, 'मॅडम, सगळ्यांनी माझीच गोष्ट सांगितली, ती कशी माहीत यांना?' तो दर आठवड्याला यायला लागला. मध्ये दोनदा घसरला, त्याला ते लोक स्लिप म्हणतात, आणि दोन्ही वेळा परत त्याच खुर्चीत येऊन बसला. तुमचा भाऊही घसरेल कदाचित. तेव्हा 'सगळं पाण्यात गेलं' असं न म्हणता दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. मधुमेहाच्या माणसाची साखर वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढतो का?

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, तेही विनामूल्य. वहिनींना तिथे न्या. त्यांनी लगेच नांदायला परत यावं असा तगादा मात्र लावू नका. त्या पोरांना घेऊन गेल्या यात त्यांचा दोष नाही. त्या एखाद्या रविवारी पोरांना भेटायला आणतील का, एवढंच विचारा.

देशभरातल्या परिस्थितीचा एक आकडा सांगते, तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेलं सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 माणसांमागे जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार 180 मागे एकाला. उरलेल्यांच्या घरी तुमच्यासारखीच कुणीतरी बहीण पाटल्यांकडे बघत बसलेली असते.

राहिली राखी. हो, बोलवा. दाजींशी आधी बोलून घ्या. गेल्या वर्षी त्यांनी दारातून परत पाठवलं ते तुमच्या अब्रूसाठी, हे त्यांच्या बाजूने समजून घ्या आणि यंदा एक तास द्या म्हणा. भावाला सकाळी आठला बोलवा, कुणाला तरी गाडी घेऊन आणायला पाठवा. थोडी घेऊन आला तरी चालेल, हात न कापता ओवाळून घेता येईल इतकी. पाटावर बसवा, ओवाळा. गेल्या राखीचा विषय काढू नका, आईचं रडणं सांगू नका, पोरांच्या शाळेचं सांगू नका, दारू सोड म्हणू नका. ओवाळणी काय घालू असं विचारेलच. तेव्हा म्हणा, 'मला साडी नको. उद्या-परवा माझ्याबरोबर सिव्हिलला एक फेरी मार. नुसतं दाखवून येऊ. बागेवर माणूस ठेवलाय.'

नाही म्हणाला तर जेवायला वाढा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा, तेच शब्द, त्याच आवाजात. हो म्हणाला तर त्याच संध्याकाळी पिशवी भरून ठेवा आणि कुणाला सांगत बसू नका. केसपेपरची खिडकी सकाळीच उघडते.

कळवत राहा.

तुमची,
सदरातली ताई